बादलीभर उंबराची माती

भाड्यानं खोली बघायला येणारा माणूस आधी नळ सोडून बघतो, मग संडास बघतो, मग भिंतीला हात लावून ओल आहे का बघतो. हे सर आले ते सरळ मागच्या अंगणात गेले आणि माझ्या उकिरड्याशेजारी उकिडवे बसले. चिमूटभर कुजका पाचोळा तळहातावर घेतला, खिशातनं भिंग काढलं आणि बघत राहिले. मी गोठ्याच्या दारात शेणाची पाटी घेऊन उभी होते. मला वाटलं, गेलेली केस आहे. पाच-दहा मिनिटांनी उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "अक्का, खोली पसंत आहे."

खोलीचं कुलूप मी अजून काढलंसुद्धा नव्हतं.

आमचं घर कळंब्याच्या अलीकडं. चारी बाजूंनी बंगले उठले, मधे माझं कौलारू घर, दोन म्हशी आणि उकिरडा एवढं शिल्लक राहिलंय. बंगलेवाल्यांना वास येतो. दूध मात्र माझंच लागतं. अशा ठिकाणी उकिरडा बघून खूश होणारा भाडेकरू मिळाला, तर मी कशाला नाही म्हणू?

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. घर सीमेकडचं, बोलणं अर्धं कानडी, म्हणून मला अक्का म्हणायचे. लग्न केलं नव्हतं. का ते विचारलं, तर "राहून गेलं" म्हणायचे, जसं एखाद्याचं बाजारातनं कोथिंबीर आणायचं राहून जातं. अंग काडीसारखं, पाठीला बाक. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, दोन चिमटे आणि एक बारीक ब्रश असायचा. एकदा पाहुण्यांच्या लग्नात त्याच ब्रशनं यांनी जिलबीवरची मुंगी उचलून बाजूला ठेवली आणि मग जिलबी खाल्ली.

खोलीत सामान काय? एक कॉट, एक सूक्ष्मदर्शक आणि मातीच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीला लेबल. कुठली माती, कुठल्या झाडाखालची, किती बोटं खोल, कुठल्या तारखेची, सगळं मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरात. साखरेच्या डब्याला लेबल, चहाच्या डब्याला लेबल. आंघोळीच्या बादलीलासुद्धा "आंघोळ" असं लेबल होतं. माझी सून म्हणाली, "आत्या, एक दिवस तुमाला पण चिकटवतील."

कोपऱ्यात पत्र्याचं मोठं नरसाळं टांगलेलं. त्यात जाळीवर माती, वर पिवळा बल्ब, खाली स्पिरिटची बाटली. बल्ब तीन-तीन दिवस जळायचा. मला वाटलं, पिल्लं उबवतायत. ते म्हणाले, वरून माती तापली, सुकली, की आतला जीव खाली खाली पळतो आणि बाटलीत पडतो. मी म्हटलं, माणसाचंही तसंच असतंय. त्यांनी हे वहीत लिहून घेतलं. का ते मला कळलं नाही.

गल्लीत मात्र वेगळंच पसरलं. हा माणूस वडाखालची, स्मशानाजवळची, लोकांच्या दारातल्या तुळशीखालची माती नेतो म्हणजे करणी करतो, असं. कोपऱ्यावरची बाई मला सांगायला आली. मी तिला म्हटलं, "करणी करणारा मातीवर तारीख टाकत न्हाय." ती गेली. पुढं तिनंच सरांना हाक मारून स्वतःच्या गुलाबाच्या कुंडीतली माती दिली, आणि आठवडाभर येता-जाता विचारायची, आमच्यात काय निघालं?

निघायचे ते माइट. मुंगीच्या डोक्याएवढेसुद्धा नाहीत. पाचोळा खाऊन माती करतात, एवढंच त्यांचं काम. मी पहिल्या दिवसापासून त्यांना गोचीड म्हणत आले. सर म्हणायचे, गोचीड नव्हे, गोचिडाची चुलत भावंडं. मी म्हटलं, भावकी म्हणजे झालं की. आमच्या म्हशीच्या आचळामागनं मी आयुष्यभर गोचीड काढत आले, मला काय सांगता? मोठ्याला आठ पाय, बारक्याला सहाच.

हे ऐकून सर हातातला घास ताटात ठेवून माझ्याकडं बघायला लागले. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? बारकं सहाच पायांवर चालतंय. दिसतंय की."

"अक्का, माझ्या एम.एस्सी.च्या पोरांना हे परीक्षेत येत नव्हतं. माइटांचंही अगदी तसंच असतं."

त्या दिवसापासून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातनं दाखवायला सुरुवात केली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मान मागं घेतली. एवढासा ठिपका, आणि आत पालथी घातलेली तपकिरी वाटी चमकत होती. चिंचोक्यासारखी टणक. पुढं निमुळतं तोंड, त्यात दोन बारक्या सांडश्या. पोटाला दोन दारं, एक पुढं, एक मागं, दोन्हींना दोन-दोन फळ्या. पुढचं अंडी घालायचं, मागचं घाण टाकायचं. मी म्हटलं, आमच्या घराची बांधणी अशीच आहे. खांद्याला दोन्हीकडं पदरासारखी झडप. भ्यालं की सगळे पाय त्या पदराखाली ओढून घेतं आणि खड्यासारखं पडून राहतं. आणि डोळे? डोळे नाहीतच. डोक्यावर दोन कप असतात, कपातनं एक-एक लांब केस निघतो. त्या केसांनी वारा कळतो, हलणं कळतं. आंधळं असून कारभार नीट.

सर दिवसभर हे केस मोजत बसायचे. पाठीवर किती, पायाला किती, पायाच्या प्रत्येक सांध्याला किती. मग शाईनं चित्र काढायचे. एका पायाला दोन दिवस लागायचे. मोजायची इतकी सवय की कशाचाही आकडा मागायचे. मी म्हटलं, डास फार झालेत, तर "फार म्हणजे किती?" सून म्हणाली, भाजीत मीठ जास्त पडलं, तर "किती चिमूट?" सून वैतागून मला म्हणाली, ह्यांचं लग्न का राहून गेलं ते कळलं.

एकदा मी सहज विचारलं, इतकी वर्षं तुम्ही हे काढताय, ह्यात तुमचा कुठला? म्हणाले, माझा एकही नाही. दुसऱ्यांनी नावं ठेवलेले, मी फक्त ओळखतो. तीस वर्षं बारशाला जाऊन पाळणा हलवून आलोय, अक्का.

आणि मग तो सापडला. आमच्याच गोठ्यामागं बांधाला उंबर होता, त्याच्या बुडातल्या मातीत. पहाटे मी म्हशीची धार काढत होते, तेव्हा सर गोठ्यात आले. अंगात बनियन. म्हणाले, अक्का, कपातला केस बघायला चला. म्हशीला सोडून मी जाणार कशी? धार होईपर्यंत उभे राहिले, पण असे उभे राहिले की म्हशीनं दूध चोरलं.

मी बघितलं. बाकीच्यांचा केस टोकाला गदेसारखा गोल असतो, किंवा नुसता काटा. ह्याचा टोकाला फुगीर, आणि त्या फुग्यावर दाणे-दाणे. सर पुस्तकं काढून शब्द शोधत होते. मी म्हटलं, "जोंधळ्याचं कणीस हाय ते. शोधताय काय?"

त्यांनी पुस्तकं मिटली. मग पेन्सिल घेऊन तसंच काढलं, कणीस.

पण जीव एकच सापडलेला, आणि काचेवर घेताना त्याचा पुढचा एक पाय तुटला. सरांनी तसंच लिहून परदेशातल्या मासिकाला पाठवलं. त्यांचं उत्तर आलं. वेगळा दिसतो खरा, पण एकावर आणि तेही मोडक्यावर नवी जात धरता येत नाही. दुसरा द्या, आठही पाय असलेला, गणपतीच्या आत. नाहीतर कागद परत.

त्यात काम असं झालं की पत्र येईपर्यंत उंबर राहिला नव्हता. बांध शेजारच्या बंगलेवाल्याच्या हद्दीत. त्याला दुसरी गाडी लावायला जागा पाहिजे होती. करवत लागली तेव्हा सर बादली घेऊन धावले. तोडणाऱ्यांना वाटलं, म्हातारा आडवा पडणार. हे म्हणाले, "दोन मिनिटं थांबा, एवढी बादली भरून घेतो." भरून घेतली आणि बाजूला झाले. दुसऱ्या आठवड्यात तिथं सिमेंटचे ठोकळे बसले. म्हणजे जगातली त्या उंबराखालची माती आता त्या एका बादलीत होती. सरांनी ती चाळून, ओलं पोतं घालून गोठ्याच्या गार कोपऱ्यात ठेवली. ते आठवड्याला ओंजळभर काढून नरसाळ्यात घालायचे. अर्धी बादली संपली. कणीसवाला काही आला नाही.

मधेच त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. निपाणीला भाची आहे, तिच्याकडं ऑपरेशनला गेले. आणि इकडं बेंदूर आला.

बेंदराला आमच्यात मातीचे बैल पुजतात. खरे बैल आता कुणाच्या दारात आहेत? बाजारात मिळतात ते प्लास्टरचे, रंग मारलेले. मी ते घरात घेत नाही. दरवर्षी मी स्वतः करते, माहेरी नेसरीला माझ्या आईनं शिकवलं तसे. पण त्या वर्षी आठ दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. दारची माती म्हणजे नुसता सिमेंटचा कचरा आणि खडी. गोठ्यात गेले तर कोपऱ्यात पोत्याखाली अर्धी बादली माती. चाळलेली, मऊ, एक खडा नाही. मी म्हटलं, हे बरं झालं. थोडी काळी माती घातली, शेणाचा हात दिला, मळली आणि चार बैल केले. फार सुरेख झाले. शिंगांना हळद-कुंकू, गळ्यात लोकरीचा गोंडा, समोर पुरणपोळी.

विसरले होते का? हो, विसरले होते. ती बादली मी शंभरदा बघितलेली. वयाला दोष देणार नाही. हातात पीठ असलं की बाई पोळीचा विचार करते, आणि माती मळताना मी बैलाचा करत होते, दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी सर आले. डोळ्यावर काळा चष्मा. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, यंत्राला डोळा लावायचा नाही, पंधरा दिवस. गोठ्यात डोकावले आणि म्हणाले, "अक्का, कोपऱ्यातली बादली कुठं हलवली?"

तेव्हा मला आठवलं. फिरवून बोलायची मला सवय नाही.

"तिचे बैल केले," मी म्हटलं.

त्यांना आधी कळलं नाही. मी देवळीकडं बोट दाखवलं. ते बैलांसमोर जाऊन उभे राहिले. चष्म्यामागं काय चाललं होतं दिसेना. मग विचारलं, "किती?"

"चार."

"सगळी संपली?"

"बादली धुऊन ठेवलीया."

मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पण त्यांनी बैलांना हात जोडले आणि कॉटवर जाऊन बसले. म्हणाले, "चूक माझी. आंघोळीच्या बादलीला लेबल लावलं आणि त्या बादलीला लावलं नाही. पूजा झालीय, राहू द्या. पत्र लिहून कळवतो त्यांना."

सून दारात उभी राहून पदरानं डोळे पुसायला लागली. मला असलं बघवत नाही. मी म्हटलं, "सर, ते जीव काय मातीत विरघळतात का?"

"नाही. पाठ कडक असते. मेले तरी आकार राहतो."

"पोकळ का भरीव?"

"पोकळच, हलके."

"मग उठा की. नेसरीला आमचा बा भाताचं बी मिठाच्या पाण्यात निवडायचा. अंडं तरंगंल एवढं मीठ घालायचं. भरीव दाणा तळाला, पोकळ वर. माती खाली बसंल, तुमचं गोचीड वर येईल."

सरांनी मान वर केली. "पुस्तकात हीच रीत आहे. साखरेच्या पाण्यानं करतात."

"मग मगाधरनं कपाळाला हात लावून काय बसलाय?"

"पण अक्का, पुजलेले बैल..."

"पाण्यात सोडायचेच हायत. तळ्यात सोडले काय आन् टबात सोडले काय, पाणीच. देवाला कळतंय."

सून म्हणाली, आत्या, निदान हळदकुंकू तरी वाहा. ते वाहिलं. आरती नको म्हटलं.

डोळे माझे. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं आधीच झालेली, सुईत दोरा मी आजही ओवते. सर खुर्चीवर, काळा चष्मा लावून, हात मांडीवर. हलायचं नाही म्हणून मीच दम दिलेला. पहिला बैल मिठाच्या पाण्याच्या टबात सोडला. शिंगं आधी गेली, मग वशिंड. पावसामुळं आत ओलाच होता, लवकर विरला. वर आलेला कचरा फडक्यात गाळून काचेच्या वाटीत घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सर तिकडनं विचारणार, मी इकडनं सांगणार.

"काय दिसतंय?"

"पेंढ्याच्या काड्या. बी. एक पाय."

"कुणाचा?"

"मला काय ठाऊक, त्यानं नाव सांगितलं न्हाय."

पहिल्या बैलात गोल पाठीचे सात निघाले, केस गदेसारखा, रोजचेच. दुसऱ्यात बारकी सहा पायांची पिलं. तिसऱ्या दिवशी तिसरा बैल सोडला. त्यात एक तुटकी पाठ, आत काही नाही. सर म्हणाले, आपण प्रयत्न केला, अक्का. माझी मान आखडली होती आणि म्हशी हंबरत होत्या. मी म्हटलं, चौथा राहिलाय, त्यानं काय पाप केलंय?

चौथा सगळ्यात मोठा, माझा आवडता. त्याचा गोंडा काढून ठेवला आणि सोडला. गाळलं, वाटी ठेवली, बघितलं. काड्या. एक मुंगीचं डोकं. मग कडेला एक तपकिरी पाठ, पालथी पडलेली. ब्रशच्या केसानं हळूच उलटी केली. कपातला केस वर आला.

आधी नीट बघितलं.

"अक्का?"

"कणीस हाय."

सर खुर्चीतनं उठायला लागले. मी म्हटलं, बसा, नायतर डोळा जाईल. ते बसले.

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं. दाणं भरल्यालं."

"पाय मोजा."

मी मोजले. डावीकडं चार. उजवीकडं तीन. पुन्हा मोजले. तीनच.

"सात," मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढला आणि हातात धरून बसले. मी तिसऱ्यांदा बघितलं. मला पटेना. जागा तर मोडलेली दिसत नव्हती, नुसता पदर जरा फुगलेला. मी ब्रशचा एकच केस त्या झडपेखाली घातला आणि चुलीवरच्या दुधाची साय बाजूला करतात तसा वर केला.

"थांबा की, सर. पदराखाली एक ओढून घेतलाय. आठ हायत."

"मोजून सांगा."

"मोजूनच सांगतीया. आठ. न्हाय पटत तर गणपतीला जाऊन विचारा."

त्यावर हा माणूस हसायला लागला. इतका हसला की खोकला आला, आणि सून पाणी आणायला धावली.

पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतः बघितलं, चित्र काढलं आणि गणपतीच्या आधी पाठवलं. हिवाळ्यात एक दिवस संगणकातलं पत्र वाचून दाखवायला गोठ्यात आले. मान्य झालं होतं. नाव आता त्यांनी ठेवायचं. लाजत लाजत म्हणाले, अक्का, तुमचं नाव देऊ का? जगभर जाईल.

मी म्हटलं, "गोचिडाला माझं नाव? माहेरी तोंड दाखवायला जागा ठेवा."

मग त्यांनी बैलाचं दिलं. लॅटिनमध्ये बैलाला काय म्हणतात ते मला सांगितलं होतं, लक्षात राहिलं नाही. ठिपक्याएवढ्या अंगाचा प्राणी आणि नाव बैलाचं. भाऊबंदकीत अशी माणसं मी पुष्कळ बघितलीयत.

पुढच्या उन्हाळ्यात सर निपाणीला भाचीकडं कायमचे गेले. अजून फोन करतात. माझी तब्येत विचारत नाहीत, उकिरडा कसा आहे ते विचारतात. मी म्हणते, बरा आहे. ते म्हणतात, बरा म्हणजे किती?

गेले त्या दिवशी खोली झाडायला गेले, तर सामान सगळं नेलेलं, नरसाळंसुद्धा. फक्त फळीवर एक बैल. टबाच्या तळाला बसलेली चार बैलांची माती त्यांनी टाकली नव्हती, तिचा एक केला होता. शंभर केस बिनचूक काढणारा माणूस, पण बैल असा की कुत्र्यानं भुंकावं. शिंगं दोन बारक्या कपांतनं निघालेली. खांद्याला दोन झडपा. डोळे नव्हतेच, विसरले असणार. मी पाय मोजले. चार होते. तेवढं बरोबर होतं.

डोळ्यांच्या जागी मी जोंधळ्याचे दोन दाणे दाबून बसवले आणि त्याला देवळीत ठेवला. मिठाची माती असल्यानं दर पावसाळ्यात अंगावर पांढरा बुरशीसारखा खार फुटतो, तो मी फडक्यानं पुसते. बेंदराला त्यालाच पुजते, पुरणपोळी दाखवते. पण बाकीच्यांसारखा पाण्यात सोडत नाही. पोटाखाली लेबल आहे, मुंगीच्या पावलांच्या अक्षरात. कळंबा, उंबराखालची माती, आणि खाली एक ओळ: बुडवू नये.

देव रागावला, तर त्याला लेबल दाखवीन.